अर्ज कोणाच्या नांवें?

हरिभाऊ आपट्यांनीं आपल्या गाजलेल्या कादंबरीला ‘पण लक्षांत कोण घेतो?’ असें नांव दिलें. तें नांव म्हणजे एक प्रश्न आहे, हें सर्वांच्या ध्यानांत येतें. परंतु तो प्रश्न कोणास उद्देशून आहे, याचा विचार आपण क्वचितच करतों. यमू आपली हकीकत सांगते ती कोणाला? सासरीं सांगून उपयोग नाहीं, माहेरच्यांचे हात बांधलेले, शास्त्रीपंडितांचा निकाल आधींच ठरलेला. म्हणून ती घराबाहेरच्या, कधीं न पाहिलेल्या, वाचक नांवाच्या तिऱ्हाइताकडे वळते. ‘करमणूक’ पत्रांतून १८९० पासून ही कादंबरी घरोघर जाऊं लागली, आणि आपल्याच माजघरांतून लिहिला गेलेला एक अर्ज आपल्याच नांवें आला आहे, याची जाणीव मराठी मध्यमवर्गाला होऊं लागली.

गेल्या कांहीं महिन्यांत आम्हीं कॅथॉलिक धर्मभगिनींच्या छळाविषयींचीं चारपांच पुस्तकें ओळीनें वाचलीं, आणि दर पुस्तकागणिक आम्हांला यमूची आठवण होत गेली. विषय अप्रिय आहे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या मुली, आणि कित्येक वाचकभगिनी स्वतः, कॉन्व्हेंट शाळेंत शिकल्या असतील. पांढऱ्या झग्यांतील, वक्तशीर, कडक परंतु मायाळू अशा एखाद्या सिस्टरची प्रतिमा त्यांच्या मनांत असेल. ती प्रतिमा खोटी आहे असें म्हणण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. शाळा सुटून मुली घरीं गेल्यावर ती सिस्टर ज्या दाराआड जात असे, तेथें तिला कांहीं सोसावें लागलें तर तें ती कोणाला सांगूं शकत होती, एवढाच आमचा प्रश्न आहे. या पुस्तकांचा खरा विषय तोच आहे, असें आम्हांस वाटतें. पुरुषांची वासना, मठाधिकारिणींचा दुष्टपणा, कोंडलेल्या आयुष्याची विकृति या गोष्टी त्यांत आहेतच; परंतु त्या जगांत सर्वत्र आहेत. मठाची गोष्ट वेगळी होते ती ऐकणाऱ्याच्या अभावामुळें.

या मालिकेंतील जुनें पुस्तक म्हणजे फ्रेंच पंडित दिदरो याची ‘ला रलिजियूझ’ ही कादंबरी. तिचा जन्म एका थट्टेंतून झाला. पॅरिसजवळच्या लाँशां येथील मठांतल्या एका धर्मभगिनीनें आपलीं व्रतें रद्द व्हावींत म्हणून न्यायालयाकडे दाद मागितली होती. मार्की द क्रोआमार नांवाच्या एका सहृदय सरदारानें तिला कधीं पाहिलेंहि नसतां तिच्यासाठीं न्यायाधीशांकडे खटपट केली. तरीहि ती दावा हरली. पुढें हा मार्की नॉर्मंडींतल्या आपल्या जहागिरीवर जाऊन राहिला. दिदरो, ग्रिम इत्यादि मित्रांना त्याच्यावांचून करमेना. त्यांनीं १७६० सालीं एक युक्ति काढली. ती धर्मभगिनी मठांतून पळून पॅरिसांत लपली आहे असें भासवून तिच्या नांवानें मार्कीला पत्रें लिहावयाचीं, म्हणजे तो धांवत येईल! मार्कीला तीं पत्रें खरीं वाटलीं. परंतु तो स्वतः आला नाहीं. त्यानें उलट तिलाच नॉर्मंडीस बोलावलें, आपल्या मुलीची सोबतीण म्हणून ठेवून घेण्याची तयारी दाखविली, आणि प्रवासाची व्यवस्थाहि कळविली. आतां पाठवायची कोणाला? थट्टेखोरांना त्या नसलेल्या मुलीला आजारी पाडावें लागलें आणि शेवटीं मारावें लागलें. मार्कीला सत्य कळलें तें आठ वर्षांनीं. मध्यंतरीं दिदरो मात्र त्या नायिकेच्या दुःखांत असा गुरफटला कीं, एका मित्राला तो आपल्याच गोष्टीवर रडत बसलेला आढळला, अशी आख्यायिका ग्रिमनें सांगितली आहे. दिदरोची सख्खी बहीण मठांत वेडी होऊन वारली होती, हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्या रडण्याचें फारसें नवल वाटणार नाहीं.

सबंध कादंबरी हें मार्कीला लिहिलेलें एक लांब पत्रच आहे, आणि तेंच तिचें बळ आहे. नायिका सुझान ही अनौरस मुलगी. आईच्या पापाचें प्रायश्चित्त म्हणून तिला मठांत घातलेलें आहे. एकामागून एक तीन मठाधिकारिणी तिच्या वाट्याला येतात. दुसरी क्रूर आहे. ती तिला उपाशी ठेवते, तिच्या वाटेंत कांचा पसरविते, तिला सैतानानें झपाटलें आहे अशी हूल उठवून साऱ्या मठाला तिच्यावर सोडते. तिसरी प्रेमळपणाच्या नांवाखालीं तिच्या अंगाशीं येते. हे भाग पुष्कळांनीं वाखाणले आहेत, आणि १९६६ सालीं रिव्हेत या दिग्दर्शकानें यावर काढलेल्या चित्रपटावर फ्रेंच सरकारनें बंदी घातली (ती पुढल्या वर्षीं उठली), तीहि बहुधा याच भागांमुळें. आमच्या मतें कादंबरींतला सर्वांत अस्सल प्रसंग कागदाचा आहे. सुझानला वकिलासाठीं आपली कैफियत लिहावयाची आहे. मठांत कागद मागून घ्यावा लागतो. पापनिवेदनाची तयारी करावयाची आहे, अशी सबब सांगून ती कागद मिळविते, लिहिते, आणि एका विश्वासू भगिनीकरवीं तें बाड लपविते. मठाधिकारिणीला संशय येतो तो एवढ्यावरून कीं, दिलेले ताव फार आणि सांगितलेलीं पापें थोडीं! ज्या घरांत कोऱ्या कागदाचाहि हिशेब द्यावा लागतो, त्या घराचें वर्णन करावयास दुसरा कोणताहि अलंकार नको.

परंतु दिदरोचें निदान आम्हांस अपुरें वाटतें. त्याच्या मतें दोष सक्तीचा आहे: मुलींना बळेंच कोंडूं नका, निसर्गाविरुद्ध व्रतें लादूं नका, म्हणजे हा छळ संपेल. १७९० च्या फेब्रुवारींत फ्रेंच राज्यक्रांतीच्या सभेनें असलीं व्रतें कायद्यानें अमान्य केलीं. कादंबरी ग्रंथरूपानें निघाली ती त्यानंतर, १७९६ त, लेखकाच्या मरणानंतर बारा वर्षांनीं. त्यामुळें ती जिंकलेल्या पक्षाचें पत्रक म्हणून वाचली गेली. मात्र दिदरोनें स्वतःच या निदानाला छेद देणारें एक पात्र निर्माण केलें आहे आणि त्याच्याकडे पुरतें पाहिलें नाहीं. सुझानची पहिली मठाधिकारिणी, मादाम द मोनी, ही साध्वी आहे. ती कोणाला मारीत नाहीं, उपाशी ठेवीत नाहीं. मुली तिच्याजवळ बसल्या कीं आपलें मन आपोआप उघडें करतात. तिच्या प्रार्थनेच्या उमाळ्यांत त्यांचे स्वतःचे विचार विरघळून जातात. सुझान व्रत घेते ती तिच्याच छायेंत, आणि त्या दिवसाची तिला नंतर कांहींहि आठवण उरत नाहीं. मोनीबाईच्या हातून वाईट झालें नाहीं, कारण ती सज्जन होती. पण ज्या खुर्चींत ती बसली होती, त्याच खुर्चींत तिच्यानंतर क्रूर बाई येऊन बसली आणि मुलींचीं मनें तिच्या हातीं आयतीं सांपडलीं. प्रश्न खुर्चीचा आहे, हें दिदरोनें पाहिलें आणि सोडून दिलें.

या कादंबरीचा आणखी एक परिणाम नोंदण्यासारखा आहे. ती अखेर बनावट पत्रांतून उपजली. पुढें १८३६ सालीं मॉंट्रियलच्या एका मठाविषयीं मारिया मंक या नांवानें एक भयंकर ‘आत्मवृत्त’ अमेरिकेंत प्रसिद्ध झालें आणि हातोहात खपलें. विल्यम स्टोन या प्रॉटेस्टंट संपादकानें स्वतः तो मठ हिंडून पाहिला. पुस्तकांतल्या वर्णनाचा एकहि कोपरा जुळेना. कॅथॉलिकांचा द्वेष करणाऱ्यांना मसाला मिळाला खरा, पण त्याची किंमत पुढल्या खऱ्या फिर्यादींना भरावी लागली. धर्मभगिनी कांहीं बोलली रे बोलली कीं ‘हा जुनाच कांगावा’ असें म्हणण्याची सोय झाली. खोट्या अर्जाचा सर्वांत मोठा गुन्हा हाच.

खऱ्या अर्जाचें उत्तम उदाहरण ह्यूबर्ट वोल्फ या जर्मन इतिहासकारानें पुढें आणलें आहे. त्याचा ‘सांत आम्ब्रोज्योच्या धर्मभगिनी’ हा ग्रंथ २०१३ सालीं निघाला, आणि २०१५ सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर झालें. वोल्फ स्वतः कॅथॉलिक धर्मगुरु आहे. रोमच्या धर्मन्यायपीठाचें दप्तर १९९८ सालीं अभ्यासकांना खुलें झालें. त्यांतील कागदांवरून त्यानें ही हकीकत उभी केली. होहेनत्सोलर्न घराण्याची काथारीना ही दोनदां विधवा झालेली राजस्त्री रोममधील सांत आम्ब्रोज्यो मठांत शिरली. तेथें मारिया लुइझा नांवाची तरुण, देखणी भगिनी नवदीक्षितांवर देखरेख करीत असे. तिला दृष्टान्त होत, पवित्र मरियेचीं म्हणून पत्रें येत, आणि मठाचे दोन्ही जेझुइट पापनिवेदनगुरु तीं पत्रें खरीं मानीत. नवदीक्षितांना ती रात्रीं ज्या ‘विधीं’साठीं बोलावीत असे, त्यांचें वर्णन आम्ही करीत नाहीं; तें ईश्वराचें काम आहे असें त्यांना सांगितलें जाई, एवढें पुरे. काथारीनेनें हें ढोंग ओळखलें तेव्हां १८५८ च्या डिसेंबरांत तिच्यावर विषप्रयोग झाला. ती कशीबशी वांचली, आणि १८५९ च्या जुलैंत तिचा भाऊबंद आर्चबिशप होहेनलोहे यानें तिला बाहेर काढलें. त्यानंतर तिनें धर्मन्यायपीठाकडे लेखी फिर्याद दिली.

हा ग्रंथ एखाद्या रहस्यकथेसारखा वाचला जातो, परंतु वोल्फची खरी थोरवी त्याच्या संयमांत आहे. तो ओरडत नाहीं. जबानीवर जबानी ठेवीत जातो. आणि तेथें एक मोठी गंमत आहे. इन्क्विझिशन या शब्दानें, गोव्याच्या आठवणीमुळें, मराठी वाचकाच्या अंगावर कांटा उभा राहतो. परंतु या प्रकरणांत त्या मुलींचें म्हणणें एकेकीला बोलावून, शांतपणें, शब्दन् शब्द टिपून ऐकलें तें या इन्क्विझिशनच्याच अधिकाऱ्यांनीं! त्यांचें हृदय कोमल होतें असें नव्हे. ते मठाच्या बाहेरचे होते. याच मुलींनीं याच गोष्टी आपल्या पापनिवेदनगुरूंच्या कानांवर घातल्या होत्या, आणि त्यांनीं त्यांना गप्प केलें होतें. ऐकणारा, उपदेश करणारा आणि छळणारीचा भक्त हीं तिन्ही नातीं एकाच माणसांत एकवटलीं होतीं. मग निवेदन कसलें आणि निवाडा कसला!

१८६२ सालीं शिक्षा झाल्या, मठ बंद झाला, आणि दप्तरहि बंद झालें. त्या दोन गुरूंपैकीं योझेफ क्लॉइटगेन हा नामांकित तत्त्वज्ञ होता. १८७० सालच्या व्हॅटिकन परिषदेंतील धर्मसिद्धान्ताच्या मसुद्यास त्याचा हात लागला. कागद उघडेपर्यंत शंभरावर वर्षें गेलीं. शिवाय काथारीनेचा अर्ज पोंचला तो ती राजघराण्यांतली होती आणि तिचा नातलग आर्चबिशप होता म्हणून, हें वोल्फचीं पानें वाचतांना क्षणभरहि विसरतां येत नाहीं. ज्यांचा चुलत भाऊ आर्चबिशप नव्हता, त्या नवदीक्षितांचें काय?

रोमला हा रोग अगदींच अनोळखी होता असें नाहीं. १८९० च्या डिसेंबरांत, म्हणजे इकडे ‘करमणूक’ निघाली त्याच वर्षीं, तेराव्या लिओ पोपच्या काळांत एक फर्मान निघालें. मठाधिकाऱ्यांनीं आपल्या हाताखालच्यांना मनांतलें गुपित उघड करण्यास भाग पाडूं नये, असें त्यांत बजावलें होतें. तोच नियम १९८३ च्या धर्मविधिसंहितेंतहि आहे. दिदरोच्या मोनीबाईच्या खुर्चीवर घातलेली ही मर्यादाच होय. कायदा शहाणा होता; तो मठांच्या आंत किती पोंचला हा प्रश्न निराळा.

तो पोंचला नव्हता याची साक्ष डोरिस वाग्नर या जर्मन स्त्रीच्या २०१४ सालच्या आत्मकथेंत मिळते. ती १९ व्या वर्षीं, स्वखुषीनें आणि आनंदानें, एका नव्या धर्मसंघांत गेली. येथें दिदरोची सक्ति नाहीं, अनौरस जन्म नाहीं, लोखंडी गज नाहींत. तिचें पत्र वरिष्ठ वाचतात, वाचनाला परवानगी लागते, मैत्रीकडे संशयानें पाहिलें जातें, आणि हें सर्व ती आपण होऊन मान्य करते. कारण आपली इच्छा टाकून देणें हीच साधना, असें तिला शिकविलेलें आहे. पुस्तकाचें नांव ‘आतां मी नव्हे’ अशा अर्थाचें आहे. संत पौलाच्या एका प्रसिद्ध वचनाचा तो प्रतिध्वनि आहे. मराठी वाचकाला ही भाषा परकी नाहीं. ‘मीपण’ गेलें पाहिजे हें आमच्या संतांनीं आम्हांला लहानपणापासून शिकविलें आहे, आणि सद्गुरूच्या पायीं तनमनधन वाहणारीं माणसें प्रत्येकाच्या नात्यांत एखाददुसरीं तरी असतात. म्हणून या पुस्तकाकडे ‘तें ख्रिस्त्यांचें’ म्हणून दुरून पाहण्याची सोय आम्हांस राहिली नाहीं. मी जो टाकला, तो कोणाच्या हातीं पडला?

वाग्नर लिहिते कीं, संघांतील एक धर्मगुरु तिच्या खोलींत आला तेव्हां जें घडलें त्याला काय म्हणावें, यासाठीं तिच्याजवळ शब्दच नव्हता. ‘नाहीं’ म्हणणारा तो मी तिनें आधींच देऊन टाकला होता. पुढें तिनें वरिष्ठ भगिनीला सांगितलें. वरिष्ठ भगिनी आधीं संतापली, आणि मग तिनें वाग्नरला क्षमा केली! फिर्याद ऐकणारीच्या हातीं क्षमेचा अधिकार असला कीं काय होतें, तें या एका वाक्यांत पुरतें दिसतें. पुढें तिनें सरकारी फिर्यादीहि केल्या. ती सज्ञान होती, आणि त्या फिर्यादी तपासापुढें गेल्या नाहींत. २०१९ सालीं व्हिएन्नाचे कार्डिनल शॉनबोर्न तिच्याशीं जर्मन दूरचित्रवाणीवर बोलावयास बसले. तिनें सरळ विचारलें, तुमचा माझ्यावर विश्वास आहे का? त्यांनीं आहे म्हणून सांगितलें. न्यायालयाच्या दृष्टीनें या उत्तराची किंमत शून्य. परंतु सुझानपासून काथारीनेपर्यंतचीं पुस्तकें वाचून आलेल्या वाचकाला त्या एका होकारानें थबकावेंच लागतें.

सज्ञान असणें हीच या बायकांची अडचण आहे. मुलांच्या रक्षणासाठीं गेल्या पंचवीसतीस वर्षांत पुष्कळ नियम झाले. मोठ्या बाईविषयीं मात्र ‘तिची संमति होती’ असें म्हणून मोकळें होतां येतें. मॉरा ओडोनह्यू या डॉक्टर धर्मभगिनीनें १९९४ सालीं रोमसाठीं एक अहवाल तयार केला. एड्सच्या सांथीच्या काळांत कांहीं ठिकाणीं धर्मगुरु धर्मभगिनींकडे ‘निर्धोक’ म्हणून वळत आहेत, असें तिनें त्यांत लिहिलें. २३ देशांचा त्यांत उल्लेख होता. एका ठिकाणीं २९ भगिनी गरोदर राहिल्याची तक्रार त्यांच्या प्रमुखांनीं बिशपकडे नेली, तेव्हां बिशपनें त्या प्रमुखांनाच दूर केलें! हा अहवाल वाचकांपुढें आला तो २००१ च्या मार्चांत, एका अमेरिकन साप्ताहिकामुळें. मधलीं सात वर्षें तो कोणाच्या टेबलावर होता हें सांगावयास नकोच. हा प्रश्न खरा आहे असें फ्रान्सिस पोपनीं विमानांत पत्रकारांपुढें कबूल केलें तें २०१९ च्या फेब्रुवारींत.

आपल्या देशांतील पुस्तक म्हणजे केरळच्या सिस्टर जेस्मी यांचें ‘आमेन’. इंग्रजी वाङ्मयाच्या त्या पंडित, त्रिचूरच्या एका महाविद्यालयाच्या प्राचार्या. २००८ सालीं त्यांनीं संघ सोडला आणि पुढल्याच वर्षीं हें आत्मवृत्त निघालें. तें खूप खपलें. वाङ्मय म्हणून पाहतां तें सैल आहे हें सांगितलें पाहिजे. देणग्या, हेवेदावे, एका भगिनीची नको असलेली सलगी, एका धर्मगुरूचें वर्तन या सर्व गोष्टी एकाच स्वरांत, एकाच वजनानें येतात. मोठी जखम आणि लहान खरचट यांत लेखिका भेद करीत नाहीं. ज्यांच्यावर आरोप आहेत त्यांची बाजू त्यांत नाहीं, हेंहि वाचकानें ध्यानांत ठेवावें. एवढें असूनहि एक धागा खरा आणि भेदक आहे. वरिष्ठांशीं मतभेद होऊं लागले तेव्हां आपल्याला मानसोपचारासाठीं पाठविण्याची भाषा सुरू झाली, असें त्या सांगतात. सुझानला सैतानानें झपाटलें होतें. येथें सैतानाची जागा मनोविकारानें घेतली. अर्ज फाडण्याची पद्धत बदलली आहे, पण फाटतो तो तसाच. सिस्टर लूसी कळप्पुरा यांचें २०१९ सालचें पुस्तक याहून तापट आहे. त्यांना त्याच वर्षीं संघांतून काढलें, तेव्हां कवितासंग्रह छापणें आणि मोटार घेणें यांचीहि त्यांच्या अपराधांत गणना झाली होती!

लूसीबाईंचा आणखी एक अपराध म्हणजे २०१८ च्या सप्टेंबरांत कोचीनला झालेल्या निदर्शनांत त्या सामील झाल्या. कुरविलंगाडच्या मठांतील एका भगिनीनें जालंधरच्या तत्कालीन बिशपवर बलात्काराचा आरोप केला होता. तिनें आधीं आपल्या वरिष्ठांना लिहिलें, मग दिल्लींतील पोपच्या वकिलाला लिहिलें. पोलिसांकडे ती गेली तें जूनमध्यें. तिच्या बरोबरीच्या पांच भगिनी उच्च न्यायालयाजवळच्या चौकांत झग्यांनिशीं बसल्या आणि साऱ्या देशानें तें दृश्य पाहिलें. बिशपना अटक झाली. १४ जानेवारी २०२२ रोजीं कोट्टयमच्या न्यायालयानें त्यांना निर्दोष ठरविलें, आणि त्यावर अपील झालें. निकालाची उलटतपासणी करणें हें आमचें काम नव्हे. आम्हांस दिसतें तें एवढेंच कीं, ती बाई पोलिसठाण्यांत गेली ती सर्वांत शेवटीं, आणि आधीं इतरत्र कां सांगितलें नाहीं, कोणाला काय सांगितलें, हाच प्रश्न तिला न्यायालयांतहि पुरून उरला.

या सर्व पुस्तकांनंतर दीमास द लास्सुस यांचा २०२० सालचा फ्रेंच ग्रंथ हातीं घेतला म्हणजे हवा पालटल्यासारखी वाटते. हे लेखक कार्थुसियन पंथाचे प्रमुख. हा पंथ मौनासाठीं प्रसिद्ध. आणि त्याच्याच प्रमुखानें मठांतल्या लादलेल्या मौनावर जाडजूड पुस्तक लिहावें! मठजीवनावर त्यांची नितांत श्रद्धा आहे, म्हणूनच त्यांची टीका दिदरोहून खोल जाते. व्रतस्थ माणूस आज्ञा पाळण्याचें वचन देतो, बुद्धि गहाण टाकण्याचें नव्हे. कामाची आज्ञा देणाऱ्यानें अंतःकरणांत पाऊल टाकतां कामा नये. जो संघ स्वतःला अद्वितीय समजतो आणि बाहेरच्याशीं बोलणें हा द्रोह मानतो, त्याच्यापासून सावध असावें. अशा गोष्टी ते शांतपणें, उदाहरणें देत मांडतात. पसरटपणा आहे, परंतु एकहि पान कडवट नाहीं.

नियमहि आतां झाले आहेत. फ्रान्सिस पोपच्या मे २०१९ च्या आज्ञापत्रानें अधिकाराचा गैरवापर करून केलेल्या लैंगिक अत्याचाराची खबर देणें धर्मगुरु व धर्मभगिनी यांच्यावर बंधनकारक केलें, प्रत्येक धर्मप्रांतांत खबर घेण्याची व्यवस्था करण्यास सांगितलें, आणि खबर देणाऱ्यावर मौनाची सक्ति करतां येणार नाहीं असें स्पष्ट म्हटलें. हें पाऊल लहान नाहीं. तथापि खबर जाते ती शेवटीं त्याच घरच्या दुसऱ्या खोलींत. जी भगिनी आपलें अन्न, वस्त्र, औषध आणि म्हातारपण या सर्वांसाठीं संघावर अवलंबून आहे, जिच्याजवळ स्वतःचा पैसा नाहीं, तिला त्या खोलीपर्यंत चालत जाण्यास काय लागेल याचा हिशेब कोणत्याहि आज्ञापत्रांत नाहीं. सुझानला तर कागदच मागून घ्यावा लागला होता.

आज्ञापालनाचा हा वाद एका मराठी स्त्रीनें पूर्वींच घातलेला आहे, याचा उल्लेख केल्यावांचून हें परीक्षण आटोपणें बरें नव्हे. पंडिता रमाबाई १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथील धर्मभगिनींच्या आश्रयास जाऊन राहिल्या. त्या भगिनी अँग्लिकन होत्या, कॅथॉलिक नव्हेत. त्यांचें काम पुण्यासहि चाले. तेथें रमाबाईंचा छळ झाला असें कोणीहि म्हणणार नाहीं. त्यांना माया मिळाली, शिक्षण मिळालें, त्यांच्या मनोरमेला घर मिळालें. परंतु काय मानावें, कोणाला शिकवावें, मुलीला कसें वाढवावें याविषयीं वरिष्ठांची आज्ञा आली तेव्हां रमाबाई अडल्या. एका पुरोहितवर्गाच्या जोखडांतून मोठ्या कष्टानें सुटून दुसऱ्याचें जोखड मानेवर घेण्यासाठीं आपण आलों नाहीं, अशा आशयाचें त्यांनीं सिस्टर जेराल्डीनला निक्षून कळविलें. जेराल्डीनबाईंना हें मुळींच रुचलें नाहीं. ही मुलगी गर्विष्ठ आहे, असें त्यांनीं पुनःपुन्हां लिहिलें. १८८६ सालीं रमाबाई अमेरिकेस निघून गेल्या. पण जेराल्डीनबाईंनीं त्यांतलें एकहि पत्र चुलींत घातलें नाहीं. आपल्याला विरोध करणारीं तीं सारीं पत्रें त्यांनीं स्वतः जुळवून, नीट लावून ठेवलीं. आणि १९७७ सालीं महाराष्ट्रांतच तीं छापून निघालीं, तीं त्यांनीं राखलेल्या त्या बाडावरूनच.